ईस्टरच्या मटणाला जांभळाची वाइन

अंबाजोगाईत मी भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा त्या खोलीत आधीच बारा बरण्या राहत होत्या. लोणच्याच्या असतात तशा मोठ्या, काचेच्या. प्रत्येकीच्या बुचातून सलाइनची नळी निघालेली आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. खोलीभर गुडगुड, गुडगुड असा आवाज चाललेला. मी घरमालकांकडे बघितलं.

"ह्या हितंच ऱ्हातील," ते म्हणाले. "तुमाला तकलीफ न्हाई द्यायच्या. ह्या खोलीचं टेंपरेचर लई शांत हाय."

मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. तासिका तत्त्वावरच्या माणसाला अटी घालायची सवय नसते, पाळायची असते. मी हो म्हणालो आणि तीन वर्षांहून जास्त त्या बरण्यांसोबत राहिलो. पहिला आठवडा झोप लागली नाही. नंतर सुट्टीत घरी गेलो की गुडगुड ऐकू येत नाही म्हणून झोप लागायची नाही.

घरमालक एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. तीसेक वर्षं परीक्षानळ्या धुऊन, आम्लं मोजून देऊन निवृत्त झालेले. कधी कुणाला शिकवलं नाही, पण सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, कारण प्रयोग फसला की खरे सर त्यांनाच बोलवायचे. त्यांच्या पत्नी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांना सगळी गल्ली सिस्टर म्हणे. गंमत म्हणजे सरसुद्धा सिस्टरच म्हणायचे. "सिस्टर, चहा होईल का?" आणि आतून उत्तर यायचं, "कप मोकळे न्हाईत, थांबा." घरात आपण कुठल्या तरी वॉर्डात बसलोय असं वाटायचं.

सरांच्या घरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती. 'साखर. पाण्यात विरघळते.' 'मीठ. पाण्यात विरघळते.' 'तूरडाळ. विरघळत नाही.' दूधवाल्याच्या समोर ते पाणी किती ते दाखवणारं मापक दुधात सोडून उभे राहत आणि तो बिचारा निकाल लागेपर्यंत टोपी काढून थांबे. जगातल्या कुठल्याही गोष्टीची नोंद ते प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये करतात तशी करायचे: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. मी परळीला मुलगी बघायला निघालो तेव्हा त्यांनी एक कागद हातात ठेवला. उद्देश: स्थळ पाहणे. साहित्य: इस्त्रीचा शर्ट, एक वडीलधारा माणूस, पेढे. कृती: कमी बोलणे. निरीक्षण: मुलीचे करावे, घराचेही करावे. अनुमान: तिथे काढू नये, घरी येऊन काढावे. मी अनुमान तिथेच काढून बसलो आणि ते स्थळ गेलं. सरांनी एवढंच विचारलं, "कृती नीट वाचलीती का?"

त्यांचा सगळ्यात कडक नियम चाखण्याबद्दल होता. प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती: 'येथे काहीही चाखू नये.' तो नियम त्यांनी निवृत्तीनंतर घरी आणला. बरणीतली वस्तू ताटात आल्याशिवाय त्यांनी कधी जिभेला लावली नाही. लोणचंसुद्धा नाही. "ज्यानं बनवलं त्यानं चाखायचं न्हाई," ते म्हणत. "त्याची जीभ त्याच्याच बाजूनं बोलती." म्हणजे बारा बरण्या वाइन करणारा हा माणूस वाइनचा थेंबही घेत नव्हता. तिची चव काय आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. माझ्या आणि मामांच्या आयुष्यातला फार मोठा काळ या एका नियमामुळे कडवट गेला.

मामांबद्दल सांगायला हवं. ते सगळ्या गल्लीचे मामा; सरांचे शाळेतले दोस्त, केजकडच्या एका वाडीवरचे मेंढपाळ. सरांचं घर ख्रिस्ती, मामांचं घर बिरोबाचं, पण ईस्टरचा बोकड दरवर्षी मामांच्याच कळपातून यायचा. तो दुसऱ्या कुणाकडून आणला असता तर मामांनी ती सोयरीक मोडल्यासारखी मानली असती. बाजाराच्या दिवशी मामा यायचे, बोकडाची तब्येत सांगायचे आणि माझ्या खोलीत वाइन चाखायला बसायचे. चाखणारे आम्ही दोघेच.

आता ही वाइन कशासाठी, ते.

सिस्टरची निवृत्ती जवळ आली होती तेव्हा ती मोठी साथ आली. साथीच्या वॉर्डात त्यांची ड्यूटी लागली आणि त्या स्वतःच आजारी पडल्या. त्यातून वाचल्या, पण वास आणि चव गेली ती परत आलीच नाही. बाकीच्यांची महिन्या-दोन महिन्यांत आली. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणारही नाही. मी राहायला आलो तेव्हा या गोष्टीला वर्ष उलटून गेलं होतं.

गल्लीतले लोक सांगायचे की पूर्वी सिस्टर दारात उभ्या राहून कुणाच्या घरी फोडणी करपली ते सांगत. आता त्या औषधाच्या चमच्याने मीठ मोजून स्वयंपाक करायच्या. पाच एमएल मीठ, अडीच एमएल तिखट. स्वयंपाक चुकायचा नाही कधी, पण बनवणारीला तो कळायचा नाही. जेवायला बसल्या की चार घास भराभर गिळून उठत. एकदा मी म्हणालो, "सिस्टर, अजून एक भाकरी घ्या." त्या म्हणाल्या, "कावून? ड्रिप लावल्यागत हाय आता जेवण. पोटात गेलं की झालं."

सरांनी आधी वासाचे प्रयोग केले. लवंग, कापूर, रॉकेल, हिंग. सिस्टर डोळे मिटून बसायच्या आणि सर नाकाखाली बाटल्या धरायचे. निरीक्षणाच्या रकान्यात ओळीने 'नाही, नाही, नाही'. मग त्यांनी मोबाइलवर कुठेतरी वाचलं की परदेशात मोठ्या जेवणात कुठल्या मटणाबरोबर कुठली वाइन जाते याचं शास्त्र असतं, वाइनने मटणाची चव उघडते. 'उघडते' हा शब्द त्यांना भलताच पटला.

"मटण एकलं गेलं तर जीभ दार उघडंना झालीय," त्यांनी मला समजावलं. "सोबत कुनीतरी पायजे. पाहुण्यासंगं वळखीचं मानूस आलं की दार उघडावंच लागतं."

"मग बाजारातली चांगली बाटली आणू की सर. नाशिकची मिळते."

"ती नाशिकच्या जिभंसाठी केल्याली. सिस्टरची जीभ ह्या बालाघाटाच्या डोंगरावरची हाय. तिच्या वळखीचं फळ पायजे."

म्हणून डोंगरातलं सीताफळ, बांधावरची बोरं, जुन्या रस्त्याच्या कडेची जांभळं, मळ्यातली मोसंबी. ज्या फळाचा हंगाम येईल ते बरणीत जायचं. आणि सगळ्याची परीक्षा ईस्टरच्या दुपारी, कारण सिस्टर ईस्टरआधीच्या उपवासकाळात चाळीस दिवस मटण खात नसत. सरांच्या मते चाळीस दिवस रिकामी राहिलेली जीभ हे सगळ्यात स्वच्छ उपकरण. वर्षातून एकदाच मिळणारं.

प्रत्येक बरणीची आधी आमच्यावर चाचणी व्हायची. एक घास मटण, एक घोट वाइन, डोळे मिटायचे, वीस आकडे मोजायचे, मग बोलायचं. समोर सर वही उघडून.

खरं सांगायचं तर त्या वाइन भयंकर होत्या. बोराची प्यायलो की पावसात भिजलेल्या सतरंजीची आठवण यायची. सीताफळाची आधी गोड लागायची आणि आपण सावध नसताना घशात ओरबाडायची. जांभळाच्या वाइनबद्दल मी आत्ता काही बोलत नाही. मामा एक घोट घेऊन बराच वेळ दाराबाहेर बघत बसायचे. मग म्हणायचे, "ब्येस हाय."

मी म्हणायचो, "छान आहे सर."

"'छान' हे निरीक्षन न्हाई," सर म्हणायचे. "छान हे मत हाय. निरीक्षन सांगा."

"मटणाबरोबर... उठून दिसते."

सर ते लिहून घ्यायचे. 'दिसते' म्हणजे लागते कशी, असं त्यांनी विचारलं नाही, यावरून त्यांना ती वाइन चांगली निघावी याची किती घाई होती ते कळतं.

एकदा सीताफळाच्या बरणीची नळी तुंबली. मी सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. मोठा आवाज झाला, बूच छताला जाऊन आदळलं आणि पांढरा गर सगळ्या गठ्ठ्यावर पसरला. सर वही घेऊन धावत आले. मला वाटलं, लागलं का म्हणून विचारतील. त्यांनी विचारलं, "किती वाजलेत?" वेळ लिहून घेतली आणि मग मला टॉवेल दिला. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी तो गठ्ठा हातात घेतला, हुंगला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तणाव आहे का काही?"

पहिल्या ईस्टरला बोराची वाइन दिली. सिस्टरने घास घेतला, घोट घेतला, वीस आकडे मोजले आणि मान हलवली. काही नाही. दुसऱ्या ईस्टरला सीताफळाची. या वेळी मात्र त्या म्हणाल्या, "लागायलंय बगा. थोडं थोडं." मामांनी टाळी वाजवली. सरांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. ते आत गेले आणि दुसरी वाटी घेऊन आले. सिस्टरने दुसरा घोट घेतला आणि म्हणाल्या, "आता जरा जास्त लागायलंय."

"त्यात पानी हाय," सर म्हणाले. "नुसतं पानी आन खायचा रंग."

सिस्टरने वाटी खाली ठेवली. नवऱ्याचं मन राखायला खोटं बोललेली बाई पकडली गेली होती. सरांनी वही मिटली आणि गच्चीवर जाऊन बसले. अर्ध्या तासाने सिस्टर चहाचा कप घेऊन वर गेल्या. त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. खाली येताना सर मला म्हणाले, "आम्ल मोजायच्या टायट्रेशनला तीन वाचनं घ्यायची आसतेत. दोन झाली. तिसरं शेवटचं. त्यात न्हाई आलं तर बरण्या धुवून ठिवायच्या आन सिस्टरला पुन्ना तरास द्यायचा न्हाई."

पुढचं वर्षभर मी अस्वस्थ होतो. सिस्टरचं खोटं सरांनी एका वाटी पाण्यात पकडलं, पण आमचं खोटं त्या वहीत पानोपान बसलं होतं. आणि त्या वहीच्या भरवशावर शेवटचं वाचन घेतलं जाणार होतं.

तिसऱ्या ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, सर माझ्या खोलीत वही घेऊन बसले. मामा बोकड घेऊन आले होते, ते दारात टेकले होते. अंगणात सिस्टर कांद्याची सालं घालून अंडी उकडत होत्या, सालीने अंडी लाल होतात म्हणून. सर गुणांची बेरीज करत होते.

"बोराची दुसरी घाण सगळ्यात वर येती," ते म्हणाले. घाण म्हणजे त्यांच्या भाषेत एकदा बरणीत घातलेला माल. "तिला तुमी दोघांनी धा पैकी नऊ दिल्यात."

त्यांच्या तोंडून 'घाण' हा शब्द निघाला आणि माझा धीर सुटला.

"सर, सगळ्या वाईट आहेत," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"सगळ्या वाइन. पहिल्यापासून. आम्ही खोटं सांगत होतो."

सरांनी मामांकडे बघितलं. "काय बे? खरं का?"

मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "वंगाळ हायेत रं. लई वंगाळ. मेंढराला बी पाजनार न्हाई मी."

"मंग ब्येस ब्येस कावून म्हनत होतास?"

"काय म्हनू? माझ्या लेकीच्या बाळंतपनात तुझी सिस्टर दोन दिस जागची हालली न्हाई. तिच्यासाटी करायलास म्हनल्यावर मी त्याला वंगाळ म्हनू व्हय?"

सरांनी वहीची मागची पानं चाळली. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे दोन ईस्टर मी सिस्टरला खोट्या वाचनावर पाजलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या घरात मी तीन वर्षं जेवलो होतो, आजारी पडलो तेव्हा सिस्टरने उशाशी बसून पेज पाजली होती, आणि त्यांच्यासाठी करायची म्हणून एकच गोष्ट होती, खरं सांगणं, ती मी केली नव्हती.

सरांनी नवं पान काढलं. पेनाने रेघ मारली. माणूस चिडेल, उठून जाईल अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, "ठीक हाय. किती वंगाळ ते सांगा. क्रम लावा."

आम्ही क्रम लावला. या वेळी इमानाने. बोराची त्यातल्या त्यात सुसह्य. सीताफळाची घसा धरणारी. मोसंबीची मामांनी आजवर तोंडात धरून खिडकीतून थुंकली होती, हे मलाही नवीन कळलं.

"आन सगळ्यात शेवटची?"

"जांभळाची," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"वर्नन."

"पहिल्यांदा आंबट," मी म्हणालो. "मग जीभ टाळ्याला चिकटते. मग कडू येतं, ते दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत जात नाही."

मामा म्हणाले, "माझा पडायला आल्याला दात हाय ना, तो त्या दिवशी घट झाला."

सरांनी सगळं लिहून घेतलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ते बसून राहिले. "आपुन ही कदीच दिली न्हाई," ते म्हणाले. "तुमी खोटं बोललाव, पन बोलताना बी हिला गुन कमी दिलेत. म्हनून ती मागं ऱ्हायली. गोडीगुलाबीनं दार वाजवून बगितलं आपुन दोन वर्षं. आता लाथ घालून बगू."

ईस्टरला पहाटेची उपासना उरकून सगळे घरी आले. दुपारी चर्चचे पाळकसाहेब जेवायला आले. ते दरवर्षी यायचे. येसूर मसाला घातलेला मटणाचा रस्सा, कलेजी, ज्वारीच्या भाकरी, लाल अंडी, शेवयांची खीर. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. त्यांची प्रार्थना पाऊसपाणी, परीक्षेला बसलेली मुलं, अंबाजोगाई ते केज रस्त्याचे खड्डे असं करत करत संपायची, तोवर रश्श्यावर साय धरली. त्यांनी डोळे उघडले तर समोर काळी बाटली.

"हे काय?"

"औषद," सर म्हणाले.

"डोस हाय, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "पेशंट मीच हाय. एवढ्याच येळंला. मंग बंद." नवऱ्याकडे बघून त्या हसल्या. त्यांनी आशा सोडलेली होती आणि ती सोडल्याचं सरांना कळू नये म्हणून त्या हसत होत्या, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. पाळकसाहेबांनी आपली भाकरी मोडली.

सरांनी स्टीलच्या वाटीत दोन बोटं वाइन ओतली. सिस्टरने भाकरीत मटणाचा तुकडा धरून घास घेतला. चावला. चेहरा तसाच. मग वाटी तोंडाला लावून एकच मोठा घोट घेतला, औषध घेतात तसा.

मी मनात आकडे मोजायला लागलो. सहा झाले असतील.

"शी," सिस्टर म्हणाल्या.

सिस्टरचं तोंड वाकडं झालं, एक डोळा मिटला, खांदे वर गेले. "शी... काय घान हाय हे. आवो, काय घातलंय ह्यात?"

सर वही उघडून अर्धवट उठले होते. त्यांचा आवाज फाटला. "घान म्हंजे कशी, सिस्टर? आंबट घान का तुरट घान?"

"कडू," सिस्टर म्हणाल्या. मग थांबल्या. जीभ टाळ्यावर फिरवली. "आंबट हाय. आन मागून कडू येतंय." शेवटचं वाक्य त्या आमच्याशी बोलत नव्हत्या. "कडू येतंय," त्या परत म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आन मटण?" सरांनी विचारलं.

त्यांनी घाईघाईने दुसरा घास घेतला. आम्ही सगळे त्या जबड्याकडे बघत होतो. त्यांनी मान हलवली. "मटण न्हाई लागत." सरांनी पेन टेकवलं, पण लिहिता येईना. शाईचा नुसता ठिपका मोठा होत गेला. मामांनी खांद्यावरचं पटकूर तोंडाला लावलं होतं. मला वाटलं, आता हे पुन्हा गच्चीवर जाणार.

"पन ही घान लागतीया," सिस्टर म्हणाल्या आणि रिकामी वाटी पुढे केली. "वता."

सरांनी बाटली उचलली. तीस वर्षं थेंब थेंब आम्ल मोजून सोडलेला तो हात इतका कापत होता की बाटलीचं तोंड वाटीवर वाजायला लागलं. सिस्टरने ती त्यांच्या हातातून काढून घेतली, वाटी काठोकाठ भरली, आणि तोंड वेडंवाकडं करत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.